झाडावरची वेल उतरवायला बायपास लॉपर: कुठे चालतो, कुठे अडतो

रस्त्याकडेच्या झाडांवरच्या वेली काढायला सहसा कोयता नाहीतर ब्रशकटर (फिरत्या नायलॉन दोरीचं गवत कापायचं यंत्र) निघतो. कोयत्याचा एखादा घाव तरी सालीत बसतोच. ब्रशकटर त्याहून वाईट. मिकानिया या झपाट्याने पसरणाऱ्या वेलीच्या पेरापेराला मुळं फुटतात, त्यामुळे उडालेले तुकडे ओल मिळताच रुजतात; शिवाय नायलॉनची दोरी बुंध्याची साल सोलते ती वेगळीच.

म्हणून ६० ते ७५ सेंमी दांड्यांचा बायपास लॉपर, म्हणजे धारेचं पातं बिनधारेच्या जबड्याला घासून जाणारी लांब दांड्यांची छाटणीची कात्री. घेताना धारेइतकाच खालचा, बिनधारेचा जबडा पाहावा. तो जाड असेल तर सालीला चिकटलेल्या वेलीखाली शिरत नाही. मग लाकडी पाचर सरकवून वेल आधी उचलावी लागते. पातं सपाट पट्टीवर दाबणारा अॅन्व्हिल प्रकार इथे नकोच. तो ओली वेल कापण्याऐवजी चेचतो.

खरी अडचण चिवट तंतूंची. पात्यांत थोडी जरी फट पडली तरी वेल कापली न जाता मधे दुमडते आणि लॉपर अडकतो. तेव्हा दांडे पिळू नयेत, त्याने फट आणखी वाढते. बिजागरीचा नट आवळावा, पण पाती अडखळू नयेत इतपतच. ३५-४० मिमीची क्षमता छापलेली असते, मात्र जून वेलीला त्याच्या बरंच आधी करवत घेतलेली बरी. सरकत्या दांड्यांचा मोह टाळावा, सांधा लवकर खिळखिळा होतो.

काप दोन घ्यावेत: एक जमिनीलगत, दुसरा छातीच्या उंचीवर, आणि मधला तुकडा काढून टाकावा. वरची वेल ओढू नये, फांद्या मोडतात. ती जागीच वाळू द्यावी. बी धरण्याआधी हे उरकावं. वेल विजेच्या तारेला भिडली असेल तर धातूच्या दांड्यांचं हे हत्यार बाजूलाच ठेवावं.

जमिनीखाली लॉपरचं काही चालत नाही. आइस्क्रीम वेलीचे कंद कुदळीने खणले नाहीत तर ती पुन्हा फुटतेच. अमरवेलीला तर जमिनीत मूळच नसतं, तिथे बुडाशी काय कापणार? ती धरलेल्या फांदीसकटच छाटावी लागते. फांदीत घुसलेली शोषकं राहिली की नवे धागे येतात. आणि गुळवेल ओळखून सोडून द्यावी, ती आगंतुक नव्हे. तशीही बुडाशी कापली तरी वरून दोऱ्यांसारखी मुळं सोडून ती पुन्हा जमीन गाठते.