हॉलसाठी विद्यार्थ्यांनी बनवलेला कंट्रोल बॉक्स: घ्यावा, पण पडद्याची वायरिंग आधी बदलून

पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने शाळा-कॉलेजांच्या सभागृहांसाठी हा बॉक्स बनवला आहे. किंमत साडेसहा हजार. प्रोजेक्टर, मोटरचा पडदा, मिक्सर आणि अॅम्प्लिफायर चार बटणांवर चालतात. क्रेस्ट्रॉन किंवा एक्स्ट्रॉन या कंपन्यांची महागडी हॉल-कंट्रोल सिस्टीम बहुतेक शाळांना झेपत नाही, आणि मग कार्यक्रमाच्या ऐन वेळी रिमोट शोधण्याची धावपळ होते. अशा हॉलसाठी ही वस्तू खरंच कामाची आहे.

आत ईएसपी32 बोर्ड (प्रोग्राम चालवणारा छोटा कंट्रोलर), मॅक्स3232 मॉड्यूल (सिरीयल केबलचे व्होल्ट बोर्डाला झेपतील असे करणारं), रिमोटसारखा सिग्नल देणारा इन्फ्रारेड एलईडी आणि चार रिले, म्हणजे सिग्नलवर चालणारे स्विच. हे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सुटं मिळतं, त्यामुळे एखादा भाग जळला तरी बॉक्स अडून राहत नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा बॉक्स प्रोजेक्टरला विचारून काम करतो. नुसत्या इन्फ्रारेडवर चालणाऱ्या स्वस्त बॉक्सला प्रोजेक्टर चालू आहे की बंद, हे कळतच नाही. चालू-बंदचा कोड एकच असेल आणि एक सिग्नल चुकला, तर पुढचं सगळं उलटं होतं. इथे सिरीयल केबलवरून किंवा नेटवर्कवर पीजेलिंकने (प्रोजेक्टरशी बोलायची ठरलेली पद्धत, पोर्ट 4352), स्थिती विचारली जाते. उत्तर 0 आलं तर बंद, 1 चालू, 2 थंड होतोय, 3 गरम होतोय. उत्तर 2 असेपर्यंत बटणाचा दिवा लुकलुकतो आणि दाबलेलं बटण धरलं जात नाही. प्रोजेक्टरचा दिवा थंड होत असतानाच कोणी मेन स्विच बंद केला तर त्याचं आयुष्य घटतं, म्हणून ही लुकलुक फार मोलाची.

सिरीयलवर उत्तरच आलं नाही तर आधी केबल तपासा. काही प्रोजेक्टरना सरळ केबल लागते, काहींना 2 आणि 3 नंबरच्या पिना उलट जोडलेली. 5 नंबरची ग्राउंड दोन्हीत तीच. मॅक्स3232 काढून थेट जोडायचा मोह टाळा. ईएसपी32 ची पिन 3.3 व्होल्टची असते आणि आरएस-232 वर, म्हणजे या सिरीयल केबलवर, उणे-अधिक 15 व्होल्टपर्यंत येऊ शकतात. पिन गेलीच समजा.

आता पडद्याकडे. वर जायला एक रिले, खाली यायला दुसरा, आणि दोन्ही एकदम लागू नयेत याची काळजी फक्त प्रोग्राममध्ये घेतलेली. शिवाय ते रिले ईएसपी32 च्या 14 आणि 15 नंबरच्या पिनांवर आहेत. बोर्ड सुरू होताना या पिनांवर क्षणभर आपोआप सिग्नल येतो, त्यामुळे लाइट जाऊन आली की टकटक आवाज होऊन पडद्याला झटका बसतो. दोन्ही दिशांना एकदम करंट गेला तर मोटर जळू शकते. उपाय सोपा आहे: पिना 25 आणि 26 घ्या, आणि पहिला रिले फक्त चालू-बंदला, दुसरा फक्त दिशेला ठेवा. दिशेच्या रिलेच्या एनसीवर (रिले बंद असताना जोडलेलं टोक) 'वर'ची वायर, एनओवर (रिले लागल्यावर जोडलं जाणारं टोक) 'खाली'ची. मग प्रोग्राम कितीही चुकला तरी दोन्ही वायरींना एकदम करंट मिळूच शकत नाही. दिशा बदलताना मध्ये एक सेकंद मोटर थांबू द्या. हे 230 व्होल्टचं काम आहे, वायरमनकडूनच करून घ्या.

रिले बोर्ड 5 व्होल्टचा असल्याने 3.3 व्होल्टच्या सिग्नलवर काही रिले सुटतच नाहीत, म्हणजे लागलेलेच राहतात. रिले बोर्डावरच्या जेडी-व्हीसीसी (रिलेच्या कॉइलची वीज) पिनेचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, काढून तिथे 5 व्होल्ट द्या, व्हीसीसीला (सिग्नलच्या बाजूची वीज) 3.3.

आवाजाचा क्रम मात्र अगदी बरोबर बसवलाय: आधी मिक्सर, तीन सेकंदांनी अॅम्प्लिफायर, बंद करताना उलट. स्पीकरमध्ये धप्प आवाज येत नाही. पण मोठा अॅम्प्लिफायर या निळ्या रिलेवर थेट लावू नका. रिलेवर 10 अँपिअर लिहिलेलं असलं तरी सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो आणि कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. मध्ये एक कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेपणारा मोठा रिले, घाला.

डबा प्लास्टिकचा, झाकण घट्ट. सिरीयलचा कनेक्टर मात्र नुसत्या ग्लूगनने चिकटवलाय. ऑर्डर देतानाच दोन स्क्रू मारून मागा.