लेझर मीटरने घर मोजताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोथरूडमधील आमच्या जुन्या सदनिकेची फरशी बदलायचे ठरले, तेव्हा बोहरी आळीतून चाळीस मीटर पल्ल्याचा लेझर मीटर आणला आणि त्यानंतर रंगकाम, फर्निचर अशा प्रत्येक कामात तो वापरला. अंतर मोजण्यापुरते बोलायचे, तर तक्रारीला जागा नाही. त्याची दोन मिलिमीटरची अचूकता घरकामाला पुरून उरते, टेपचे दुसरे टोक धरायला माणूस लागत नाही आणि पलंग न हलवता त्याच्या वरून भिंत ते भिंत माप मिळते.

क्षेत्रफळाचे बटण मात्र जपून वापरावे. ते एक लांबी आणि एक रुंदी घेऊन नुसता गुणाकार करते, म्हणजे खोली काटकोनात आहे असे धरून चालते. आणि जुन्या इमारतीत गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असलेली खोली मिळणे हे नशीबच म्हणायचे. आमच्या ३.६४ मीटर लांबीच्या बेडरूमची रुंदी दारापाशी ३.१७ मीटर, तर खिडकीपाशी ३.१२ मीटर भरली. क्षेत्रफळात याने जेमतेम एक चौरस फुटाचा फरक पडतो, पण फरशी बसवताना हेच पाच सेंटिमीटर भिंतीलगतच्या कापलेल्या तुकड्यांत उतरतात आणि ती निमुळती पट्टी कायम डोळ्यांत खुपते. म्हणून रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये घ्यावी, दोन्ही कर्णही मोजावेत आणि मापे जुळत नसतील तर मिस्त्रींना आधीच दाखवावीत, म्हणजे ती कड कपाटाखाली जाईल अशी आखणी त्यांना करता येते.

मी मीटरमध्येच मोजतो आणि शेवटी एकदाच १०.७६४ ने गुणून चौरस फूट काढतो, कारण मीटरच्या पडद्यावरचे १०.५ फूट म्हणजे दहा फूट सहा इंच, पाच इंच नव्हे, हे कामाच्या गडबडीत कोणाच्याही नजरेतून निसटू शकते. दुकानात ‘दोन बाय दोन’ फूट म्हणून मिळणारी फरशी प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते. चार फरशांच्या पेटीत १.४४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेपंधरा चौरस फूट माल येतो, सोळा नव्हे. या बेडरूमच्या ११.४५ चौरस मीटरवर दहा टक्के वेस्टेज धरले की नऊ पेट्या होतात. स्कर्टिंगचा, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीचा, हिशेब वेगळा, रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर.

नव्या इमारतींतील मंडळींनी करारातील कार्पेट एरियावरून, म्हणजे सदनिकेच्या आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्रफळावरून, फरशी मागवू नये. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा धरलेली असते आणि बाल्कनी वगळलेली असते.

उणिवा दोनच जाणवल्या. भर उन्हात बाल्कनीत लाल ठिपका दिसत नाही, आणि सरकत्या काचेच्या दारावर किरण आरपार जाऊन भलतेच माप येते. तिथे वहीचा पुठ्ठा काचेला टेकवून धरावा लागतो.