नौपाड्यातला जपानी क्लास: सान, सामा नीट शिकायचं असेल तर इथे या

ऐरोली-महापेला ज्यांच्या कंपनीत जपानी क्लायंट आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू खास लिहितेय, कारण ठाण्यात क्लास बरेच आहेत पण कोणाला काय म्हणून हाक मारायची हे सुरुवातीपासून शिकवणारा मला हा एकच मिळाला. बाकीकडे नावामागून सान (आपल्या 'जी'सारखं) लावा सांगतात की लगेच ग्रामर चालू.

इथे सेन्सेई (म्हणजे शिक्षक, मॅडमना सगळे हेच म्हणतात, त्याला परत सान लावायचं नाही) अगदी मुळापासून घेतात. सान लागतं आडनावाला, आणि तिकडे आडनाव आधी सांगतात, म्हणजे सातो हिरोशी असेल तर सातो-सान. स्वतःच्या नावाला कधीच नाही. पद असेल तर तानाका-बुचो, बुचो म्हणजे डिपार्टमेंटचा हेड, त्यातच मान आला. मेलमध्ये माणसाला सामा (सानपेक्षा जास्त मानाचं) पण कंपनीच्या नावाला ओन्चू. आणि समोरच्याला उठसूट आनाता (म्हणजे तुम्ही) म्हणायचं नाही, सरळ त्याचं नाव घ्यायचं.

सगळ्यात भारी फोनची प्रॅक्टिस. क्लायंटचा फोन आलाय, आपले तानाका-बुचो जागेवर नाहीत, आता काय सांगाल? आपण मराठीत साहेब बाहेर गेलेत असंच म्हणणार ना, पण जपानीत बाहेरच्याशी बोलताना आपला साहेब आपल्यातलाच धरतात, त्यामुळे सान पण जातो, बुचो पण जातो, राहतं नुसतं तानाका. बॅचमधल्या एका काकांना हे पटेचना, साहेबांचं असं नाव कसं घ्यायचं म्हणून ते अडूनच बसले, तर सेन्सेईंनी जराही न चिडता रोल बदलून बदलून त्यांच्याकडून ते बोलवून घेतलं. पुस्तक वाचून हे तोंडात बसत नाही हो, कोणीतरी असं करून घ्यावंच लागतं.

अ‍ॅनिमे बघून आलेल्या पोरांना वाटतं कुन (हेही सानसारखंच नावाला लागतं) म्हणजे शाळेतल्या मुलांपुरतं. ऑफिसात सिनियर ज्युनियरला म्हणतात, आणि तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात तर अध्यक्ष खासदारांना कुन म्हणूनच पुकारत आलेत, १९९३ मध्ये दोई ताकाको पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या तेव्हा त्या सान म्हणायला लागल्या. हे सेन्सेईंनी सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग कान टवकारून ऐकत होता.

कमी काय ते पण सांगते. कांजी (जपानीतली चिनी चित्रलिपी) खूप हळू चालते, मॉक टेस्ट कमी होतात, जुलै किंवा डिसेंबरची जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) डोळ्यासमोर असेल तर घरी वेगळा अभ्यास करावा लागेल. खोली लहान, झेरॉक्स नोट्स फिक्या. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत या.

फी ठीक आहे. वीकेंड बॅच पटकन भरते, आधी डेमो लेक्चरला बसा आणि फोनची प्रॅक्टिस कधी घेणार ते तिथेच विचारून घ्या.