रंगपूरच्या नावावर जंबेरी गळ्यात मारली, संत्रावाल्यांनो वाचा

मोर्शीकडं आमचं वावर आहे, 2018 च्या पावसाळ्यात 2 एकरात 220 संत्र्याच्या कलमा लावल्या, आज 130 उभ्या आहेत आणि त्यातल्याही किती टिकतील देव जाणे. बाकीच्या डिंक्यानं, म्हणजे बुंध्यातून डिंक गळून झाड वाळते त्या रोगानं, खाल्ल्या. तुम्ही म्हणाल डिंक्या कोणाच्या बगीच्यात नाही, बरोबर आहे, पण मी तो पैसे मोजून आणला. जंबेरी आणि रंगपूर ही लिंबाची झाडं, त्यांचं रोप खाली खुंट म्हणून ठेवतात आणि त्यावर संत्र्याचा डोळा बांधला की कलम होते.

नर्सरीवाला (नाव घेत नाही) म्हणे, "भाऊ, तुमची जमीन काळी भारी, जंबेरीच्या खुंटावरचं झाड डिंक्यात टिकत नाही, रंगपूर न्या, कलमेमागं 10 रुपये जास्त लागतीन पण मंग टेन्शन नाही." आता गंमत अशी की तो बोलला ते खरं होतं, रंगपूर लिंबाचा खुंट जंबेरीपेक्षा हा रोग जास्त सोसतो, म्हणूनच तर मी फसलो. बोलणं खरं, माल खोटा.

ट्रॉलीतून कलमा उतरवताना बाबा म्हणाले, "काहून रे, डोळा लय खाली बांधला." मातीपासून जेमतेम चार बोटं होता. डोळा 9 इंच, म्हणजे वीतभर तरी वर पाहिजे, कारण वरची संत्र्याची साल ओल्या मातीला टेकली की रोगाला दारच उघडं. मी म्हटलं चालते बाबा, एवढ्यानं काय होते. लावताना तो अजून खाली गेला.

चौथ्या वर्षी विहिरीजवळच्या झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, पानं गळली आणि मग अवेळी फुलंच फुलं. मी येडा खुश, बहार फुटला म्हणून. झाड मरायच्या आधी असंच फुलते हे मागाहून कळलं. बुडाशी बसून पाह्यलं तर साल तडकलेली, डिंक गुळाच्या पाकासारखा ओघळलेला, चाकूनं खरवडलं तर खाली तपकिरी आणि आंबूस वास. बारीक मुळी चिमटीत धरून ओढली तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता धागा.

डिंक्या करणारा तो हा फायटोफ्थोरा. आपण बुरशी म्हणतो पण याचे बीजाणू शेपटीवाले असतात, पाण्यात चक्क पोहतात, आणि माझं पाणी पाटानं, एका बुंध्याला धुऊन पुढच्याला, तिथून पुढच्याला. झाडं वाळली ती पाटाच्या उतारानंच, ओळीनं. ही चूक माझी, कबूल. पण त्या वावरात आधी कपाशी-तूर होती, संत्र्याचं झाड कधीच नव्हतं, मग रोग कलमांच्या मुळाच्या गड्ड्यातल्या मातीतून नाही तर कुठून आला?

खुंट जंबेरीचा हे पण झाडानंच सांगितलं. एक कलम वरून वाळली, डोळ्याखालून फुटवा आला, तो छाटायचा राहून गेला आणि त्याला पुढं फळ लागलं. रंगपूरचं फळ छोट्या संत्र्यासारखं नारंगी असते. हे पिवळं, जाड सालीचं, खडबडीत. जंबेरी!

फळ घेऊन नर्सरीत गेलो तर म्हणतो तुम्ही पाणी जास्त दिलं. मी फळ पुढं ठेवलं तर म्हणतो चिठ्ठीवर रंगपूर कुठं लिहिलं दाखवा. चिठ्ठीवर फक्त "220 कलमा, पैसे जमा." तक्रार करायला गेलो तिथंही पहिला प्रश्न पक्कं बिल कुठाय. त्यामुळं बिलावर खुंटाचं नाव लिहून घ्याच, कितीही ओळखीचा असो.

आता उरलेल्यांना दुहेरी आळं (बुंध्याभोवती मातीची दोन कडी) केलं, पाणी बुंध्याला लागू देत नाही. रोगट साल खरवडून बोर्डो पेस्ट लावतो, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, पावसाळ्याआधी एकदा नंतर एकदा. काही झाडं सावरली.

मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, म्हणजे खाडे, भरायला यंदा दुसरीकडून 40 कलमा आणल्या, निर्जंतुक केलेल्या मातीच्या पिशवीतल्या, पक्क्या बिलासकट. बाबा सोबत आले होते, खिशात आईचा शिवणाचा टेप घेऊन. एकेक डोळा मोजला, 11 कलमा बाजूला काढून ठेवल्या.