प्रोटीन-सोल : आकडा फुकट, शेकर आपला

दीड महिना वाया घालवून मग हा रिव्ह्यू लिहितेय. मातीतल्या जिवाणूचं कायटिनेज (कायटिन तोडणारं प्रथिन) ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जिवाणूत बनवायचं होतं. 37 अंशांवर आयपीटीजी (प्रथिन बनवणं सुरू करणारं रसायन) टाकलं, चार तासांनी पेशी फोडल्या. प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर पट्टा अंगठ्याएवढा जाड, पण सगळाच्या सगळा पेलेटच्या, म्हणजे न विरघळलेल्या गाळाच्या लेनमध्ये. वरच्या द्रावात नावालाही नाही.

सीनियर म्हणाली, "क्लोनिंगच्या आधी सिक्वेन्स प्रोटीन-सोलमध्ये टाकायला काय झालं होतं गं तुला?"

प्रथिन विरघळेल का याचा अंदाज देणारं मँचेस्टर विद्यापीठाचं हे सर्व्हर. नोंदणी नाही, पैसे नाहीत. अमिनो आम्लांचा क्रम चिकटवला की 0 ते 1 मधला आकडा येतो. 0.45 ही त्यांच्याकडच्या प्रायोगिक प्रथिनांची सरासरी. त्याच्या वर असेल तर विरघळायची आशा जास्त. माझा आला 0.31. घ्या! खाली आलेखही येतात, लायसिन-आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या प्रमाणातला फरक, विद्युतभार, लांबी वगैरे सरासरीपासून किती हटलंय ते दाखवणारे. मला आकड्यापेक्षा हेच जास्त कामाचं वाटलं.

एक चूक तुम्ही करू नका. मी आधी सिग्नल पेप्टाइडसकट (प्रथिन पेशीबाहेर पाठवणारा सुरुवातीचा तुकडा) क्रम टाकला होता, क्लोनमध्ये तर तो तुकडा नव्हताच. जे बनवताय तेच टाका, हिस-टॅगसकट (शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडिनची शेपटी).

आता कुरकुर. हे मॉडेल शिकलंय 2009 सालच्या जपानी प्रयोगावर, आणि त्यात ई. कोलायचीच प्रथिनं पेशीबाहेर, शॅपरोनशिवाय (घडी घालायला मदत करणाऱ्या प्रथिनांशिवाय) बनवली होती. माझं प्रथिन परक्या जिवाणूचं, तेही जिवंत पेशीत. शिवाय सर्व्हर तापमान विचारतच नाही. 18 अंशांवर प्रथिन हळू बनतं, घडी नीट बसायला वेळ मिळतो. पण मे महिन्यात परभणीत खोलीच 40 ला टेकते आणि आमच्या शेकरला (जिवाणू हलवत वाढवायचं यंत्र) कूलिंग नाही.

शेवटी ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवलेले जिवाणू) बर्फाच्या थर्मासमध्ये घालून सकाळच्या गाडीनं संभाजीनगरला मैत्रिणीच्या लॅबमध्ये गेले. रात्रभर 18 अंश. सकाळी जेल बघितलं तर निम्मा पट्टा वरच्या द्रावात! म्हणजे 0.31 आला म्हणून प्रथिन सोडून द्यायचं नसतं, आधी थंड शेकर शोधायचा असतो. दुसऱ्या एका सर्व्हरनं तर याच क्रमाला 'विद्राव्य' म्हणून टाकलं होतं, त्याच्या नादी लागले असते तर अजून 37 वरच घासत बसले असते.

पाचपैकी चार तारे. पुढच्या प्रथिनाचा आकडा 0.52 आलाय. तरी एमबीपीचं (विरघळायला मदत करणारं जोड-प्रथिन) व्हेक्टर, म्हणजे जनुक वाहून नेणारा डीएनए, मागवून ठेवलंय.