वेयॉन : संगणकाच्या तासाला वर्ग सांभाळताना आलेला अनुभव

ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी संगणक शिकवते. आमच्या लॅबमध्ये २२ संगणक आहेत आणि सातवीच्या वर्गात ४६ मुले, म्हणजे बहुतेक संगणकांसमोर दोघे आणि दोन ठिकाणी तिघे बसतात. तास ३५ मिनिटांचा असून त्यातील पहिली काही मिनिटे चपला बाहेर काढून जागेवर बसण्यातच जातात. उरलेल्या वेळात मुलांचे लक्ष कामावर राहावे यासाठी गेल्या जूनपासून आम्ही वेयॉन हे सॉफ्टवेअर वापरत आहोत.

वेयॉन हे आयटाल्क या जुन्या प्रकल्पातून पुढे आलेले मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालते, आणि आमच्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या शाळेला ते मोफत असणेच सर्वांत महत्त्वाचे होते. शिक्षकाच्या संगणकावर सर्व मुलांच्या स्क्रीन लहान चौकटींमध्ये दिसतात. तेथूनच त्या कुलूपबंद करता येतात, आपली स्क्रीन सर्वांना दाखवता येते, लेखी सूचना पाठवता येते आणि तास संपल्यावर सगळे संगणक एकदम बंद करता येतात. बसवताना एक काळजी मात्र घ्यावीच लागते. शिक्षकाच्या संगणकाची ओळख पटवणाऱ्या दोन डिजिटल किल्ल्यांची (म्हणजे फायलींची) जोडी तयार केल्यावर सार्वजनिक किल्ली मुलांच्या संगणकांवर टाकायची आणि खासगी किल्ली शिक्षकाच्या संगणकाबाहेर जाऊ द्यायची नाही, कारण ती ज्याच्या हाती लागेल त्याला सगळ्या लॅबचा ताबा मिळू शकतो.

सर्वांत उपयोगी पडले ते कुलपाचे बटण, आणि तेच वापरायला शिकण्यास मला सर्वाधिक वेळ लागला. पहिल्या महिन्यात गोंगाट वाढला की मी लगेच सगळ्या स्क्रीन बंद करत असे. अर्धवट टंकलेले वाक्य डोळ्यांसमोरून नाहीसे झाले की मुले चिडत, हाताला काम न उरल्यामुळे शेजाऱ्याशी बोलत, आणि गोंगाट दुप्पट होई. आता मी आधी सूचना पाठवते : ‘एका मिनिटात स्क्रीन बंद होईल, काम सेव्ह करा.’ त्यानंतर कुलूप लावून दोन मिनिटांत सांगायचे ते सांगते आणि लगेच उघडते. ‘सगळ्यांनी इकडे बघा’ असे चार वेळा ओरडावे लागत नाही, आणि शिक्षा झाल्याची भावनाही मुलांच्या मनात राहत नाही.

आपली स्क्रीन शिक्षकाला दिसते, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे असे माझे ठाम मत आहे. मी मुलांना गटागटाने माझ्या टेबलाजवळ बोलावून त्या चौकटी दाखवल्या. वॉलपेपर बदलणे, शेजारच्या दोन संगणकांच्या माउसची अदलाबदल करणे अशा खोड्या त्यानंतर बऱ्याच कमी झाल्या. लपून पाहून एखाद्याला पकडल्याने तेवढ्यापुरता धाक बसतो, पण विश्वास जातो.

या सॉफ्टवेअरकडून सगळ्याच अपेक्षा ठेवू नयेत. इंटरनेट बंद ठेवले तरी क्रोममध्ये उड्या मारणारा डायनासोर येतोच; तो चौकटीत दिसतो, पण त्या संगणकापाशी आपल्यालाच जावे लागते. लॅबमधील संगणक एकमेकांना जोडणारा आमचा नेटवर्क स्विच जुना होता तेव्हा शिक्षकाची स्क्रीन शेवटच्या रांगेत अडखळत पोहोचत असे; तो बदलल्यावर ती अडचण उरली नाही.

मोठी उणीव वेगळीच आहे. माउसचा बाण मला दिसतो, पण माउस कोणाच्या हातात आहे हे कोणत्याही चौकटीत दिसत नाही. तिसऱ्या रांगेतील एका संगणकावर स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतले काम नेहमी वेळेत पूर्ण होत असे, त्यामुळे मी तिकडे फारशी फिरकत नव्हते. एके दिवशी तेथील मुलगी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, ‘‘बाई, मी अजून एकदाही माउस धरलेला नाही.’’ तेव्हापासून तासाचा निम्मा वेळ झाला की सर्व स्क्रीनवर ‘जागा बदला’ अशी सूचना जाते, आणि खुर्च्या खरोखर बदलेपर्यंत मी माझ्या टेबलाजवळ न बसता रांगांमध्ये उभी असते.