सीरियल नंबरचं लेबल गेलंय, वॉरंटी बाकी आहे: दुकान, सर्व्हिस सेंटर की ग्राहक आयोग?

हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) वॉरंटीत असताना बिघडतो. आपण तो घेऊन काउंटरवर जातो आणि पलीकडून एकच वाक्य येतं, "लेबल नाही, वॉरंटी नाही." बरेच जण तिथूनच परत फिरतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, फिरू नका. लेबलावरचा नंबर बहुतेक वेळा आणखी दोन-तीन ठिकाणी नोंदलेला असतो. तो नेमका कुठे शिल्लक आहे ते आधी बघा, मग कुणाकडे जायचं ते ठरवा.

कंपनीचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. माल कधी बनला, कोणत्या देशात विकायला पाठवला, आधी एकदा बदलून दिलाय का, हे सगळं तिला नंबरावरून कळतं. नंबरच नसेल तर वॉरंटी संपलेलं जुनं कार्ड नव्या बिलासोबत पुढे करणं कुणालाही जमेल, आणि तसं करणारे असतात. म्हणून लेबल काढलं किंवा त्यावर खाडाखोड केली तर वॉरंटी रद्द, असं वॉरंटीच्या अटींत बहुधा असतंच. पण उष्णतेनं छपाई उडणं आणि कुणीतरी मुद्दाम लेबल सोलणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवरचा माणूस हा फरक आपणहून करत नाही, त्याला तो करायला लावावा लागतो.

आधी नंबर कुठे उरलाय ते बघा

लॅपटॉपचं काम सर्वांत सोपं. खालचं स्टिकर घासून गेलं तरी नंबर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, असतो. डेलचा सर्व्हिस टॅग बायोसच्या पहिल्याच पानावर दिसतो, एचपीच्या बहुतेक लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की माहितीची खिडकी उघडते. एक अडचण मात्र येते. कधीकाळी मदरबोर्ड बदलला असेल आणि तंत्रज्ञानं नव्या बोर्डात जुना नंबर भरला नसेल, तर ती जागा रिकामी सापडते. तेव्हा त्या दुरुस्तीची जॉब शीट, म्हणजे कामाची नोंद असलेला कागद, शोधा, तिच्यावर नंबर लिहिलेला असतो.

हार्ड डिस्क आणि एसएसडीचा नंबर फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, असतो. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकटचं सॉफ्टवेअर तो दाखवतं. डिस्क अडखळत असली तरी कॉम्प्युटरला दिसते आहे तोवर त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, पूर्ण बंद पडल्यावर ही वाट बंद होते. साडेतीन इंची डिस्क असेल तर कडाही तपासा, बऱ्याच डिस्कना बाजूलाही नंबराची एक बारीक पट्टी असते. बाहेरून लावायच्या यूएसबी डिस्कबाबत सावध राहा. तिची वॉरंटी वरच्या डब्याच्या नंबरावर असते, आत कोणती डिस्क आहे हे बघायला डबा उघडलात तर असलेली वॉरंटीही जाईल. मॉनिटरचा नंबर बऱ्याचदा त्याच्याच मेनूत सापडतो.

खरी पंचाईत होते ती रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस यांची. रॅमच्या चिपमध्ये एक नंबर असतो, सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर तो दाखवतंही, पण तो लेबलाशी जुळेलच असं नाही, कधी तर तिथे नुसती शून्यं असतात. ग्राफिक्स कार्डाचा कंपनीला हवा असलेला नंबर सॉफ्टवेअरमधून सहसा मिळत नाही. आणि एसएमपीएस हा तर तारा आणि पंख्याचा डबा, त्याला विचारणार काय? मदरबोर्ड मधल्या गटात येतो: काहींच्या बायोसमध्ये खरा नंबर असतो, काहींमध्ये कारखान्यात भरायचाच राहून गेलेला एखादा ठरावीक मजकूर. या सगळ्यांसाठी दोनच आधार उरतात, खोका आणि बिल. खोक्यावरच्या बारकोडखाली तोच नंबर असतो, म्हणून वॉरंटी संपेपर्यंत खोका रद्दीत घालू नये.

लेबल जागेवर असून फिकं झालं असेल तर घाई करू नका. माझ्या ओळखीच्या एका व्हिडिओ एडिटरच्या ग्राफिक्स कार्डाचं लेबल पाठीमागच्या पत्र्यावर होतं. तापून तापून त्यावर राखाडी रेघांपलीकडे काही उरलं नव्हतं. खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका, पत्र्याला जवळजवळ टेकवून धरला, तेव्हा शेवटचे चार आकडे उमटून आले. ते खोक्यावरच्या नंबराशी जुळले आणि आधी नाही म्हणणाऱ्या सर्व्हिस सेंटरनं कार्ड ठेवून घेतलं. अशा लेबलाला आयसोप्रोपिल अल्कोहोल अजिबात लावू नका, उरलेली शाईही निघून येते.

दुकान की थेट सर्व्हिस सेंटर?

नंबर फर्मवेअरमध्ये असेल, म्हणजे लॅपटॉप, डिस्क किंवा मॉनिटर असेल, तर मी थेट कंपनीकडे जायला सांगेन. कंपनीच्या साइटवर नंबर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते लगेच कळतं. ते पान, पडद्याचा फोटो आणि बिल सोबत असलं की काउंटरवरचा वाद निम्मा मिटतो. तक्रारीला क्रमांक मिळतो, त्यामुळे वस्तू कुठे आहे ते कळत राहतं. साइटनं "हा माल दुसऱ्या उत्पादकाला सुटा भाग म्हणून विकलेला आहे" किंवा "या देशात वॉरंटी नाही" असं सांगितलं, तर गोष्ट लेबलाच्या पलीकडे गेली. दुकानदारानं ग्रे माल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेनं न आलेला माल, दिलेला असू शकतो. अशा वेळी कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, दुकानदारालाच धरा.

नंबर फक्त लेबलावरच होता, म्हणजे एसएमपीएस, रॅम किंवा कार्ड असेल, तर उलट करा, आधी दुकानात जा. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातली पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, जुन्या दुकानदाराकडे डिस्ट्रिब्युटरकडून आलेल्या मालाची नंबरासकट नोंद बहुधा असते, आणि पक्क्या बिलावर तो नंबर टाकायची पद्धतही आहे. त्या आधारावर तो डिस्ट्रिब्युटरमार्फत माल आरएमएला, म्हणजे वॉरंटीत बदलून किंवा दुरुस्त करून घ्यायला, कंपनीकडे पाठवू शकतो. तिथे ग्राहकापेक्षा दुकानदाराच्या शब्दाला वजन असतं, कारण त्यांचा रोजचा व्यवहार असतो. चांगला दुकानदार काम थांबू नये म्हणून तात्पुरता वापरायला स्टँडबाय भागही देतो. सर्व्हिस सेंटर तो सहसा देत नाही.

दुकानाची कमजोरी वेळेत आहे. तुमचा एसएमपीएस डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या खोक्यात पडून राहतो, खोका भरला की निघतो. लेबल नसलेली वस्तू त्या ढिगात दुसऱ्या कुणाच्या नावावर जाण्याचा धोकाही असतो. म्हणून देताना पर्मनंट मार्करनं पत्र्यावर बिल क्रमांक लिहा, चारी बाजूंचे फोटो काढा आणि इनवर्ड चलन (वस्तू ठेवून घेतल्याची पावती) घेतल्याशिवाय निघू नका. चलनावर "लेबल पुसट, नंबर बिलाप्रमाणे" एवढं लिहून घ्या. "फोन करतो" या तोंडी शब्दावर महागडं कार्ड सोडून येऊ नये.

आणि दुकानदार म्हणाला, "दुसरं लेबल चिकटवून देतो," तर स्पष्ट नाही म्हणा. भलत्या वस्तूचा नंबर लावून दिलेला माल पकडला गेला की खरी वॉरंटीही हातची जाते, आणि फसवणूक तुमच्या नावावर लागते.

हार्ड डिस्कवाल्यांसाठी एक गोष्ट दोन्ही वाटांवर सारखीच. कंपनी डिस्कच्या बदल्यात डिस्क देते, बहुधा दुरुस्त करून तपासलेली. आतले फोटो आणि हिशेब परत येत नाहीत. डेटा महत्त्वाचा असेल तर आधी त्याचं बघा, वॉरंटीचं नंतर.

ऑनलाइन घेतलं असेल तर

साइटची परतीची किंवा बदलीची मुदत चालू असेल तर तिथूनच करा, ती सर्वांत जलद वाट आहे. पण न्यायला आलेला माणूस नंबर ताडून बघतो आणि लेबल नसेल तर वस्तू न घेताच जातो. माल आला तेव्हाच लेबल नव्हतं असं म्हणायचं असेल, तर खोका उघडतानाचा व्हिडिओ हाच पुरावा. मुदत टळली की साइट कंपनीकडे बोट दाखवते. तरीही तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं.

नाही म्हणाले, तर?

"नकाराचं कारण लेखी द्या," एवढंच शांतपणे मागा. ईमेलवर मिळालं तरी चालेल. लेबल नाही म्हणून नकार आणि वस्तूत छेडछाड झाली म्हणून नकार, यांतलं नेमकं काय ते कागदावर आलं की पुढचं सोपं होतं.

पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. ती फुकट आहे, तक्रार कंपनीकडे पाठवते आणि बऱ्याच कंपन्या तिथे उत्तर देतात. एसएमपीएस किंवा रॅमसारख्या दोन-चार हजारांच्या वस्तूसाठी मी इथेच थांबेन. साठ हजारांचा लॅपटॉप किंवा महागडं कार्ड असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा विचार करावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवून कुणी सुटत नाही. बिलात परतीची मुदत दिलेली नसेल, तर 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पक्कं बिल न देणंही तीत मोडतं.

प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर 3 महिन्यांत आणि लागत असेल तर 5 महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ जातो, तो धरूनच चला. वस्तू कंपनीच्या धंद्यासाठी घेतली असेल तर "तुम्ही ग्राहकच नाही" हा मुद्दा समोरून येईल. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः वापरायला घेतली असेल तर मात्र कायदा तुमच्या बाजूनं आहे. घरून काम करणाऱ्या एडिटरनं किंवा डिझायनरनं हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावं.

वॉरंटी संपायला थोडेच दिवस उरले असतील तर यातली कुठलीही वाट धरण्याआधी आज कंपनीला एक ईमेल टाका: बिघाड काय, खरेदीची तारीख, बिलाचा फोटो, लेबलाची आत्ताची अवस्था. बिघाड वॉरंटीत असताना कळवला होता हे मग त्या ईमेलच्या तारखेवरून दाखवता येतं.